लोहाचे कोणते इलेक्ट्रॉन आधी जातात?

प्रश्न : लोहात ३डी या उपकवचाच्या आधी ४एस हे उपकवच भरतं, असं क्लासमध्ये शिकवलं. मग फेरस आयन (दोन इलेक्ट्रॉन गेलेलं लोह) होताना शेवटी भरलेले ३डीचे दोन इलेक्ट्रॉन जायला हवेत ना? उत्तरसूचीत ४एस रिकामं दाखवलंय. भरण्याचा क्रम दाखवणारा तिरप्या बाणांचा तक्ता चुकीचा आहे का?
– अकरावी विज्ञान, उदगीर

उत्तर : तक्ता बरोबर आहे, पण तो आयनांसाठी नाही. त्यात कवचाचा क्रमांक आणि उपकवचाचा अंक (एसचा ०, डीचा २) यांची बेरीज बघतात : ४एसची ४+०=४, ३डीची ३+२=५; लहान बेरीज आधी. हा क्रम एका मूलद्रव्यावरून पुढच्यावर जाताना चालतो आणि तिथे दर पायरीला केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. आयन होताना प्रोटॉन २६चे २६च राहतात.

१९ इलेक्ट्रॉनांचे तीन कण शेजारी मांडा : पोटॅशियमचा अणू, कॅल्शियमचा एकधन आयन, स्कँडियमचा द्विधन आयन. पहिले १८ इलेक्ट्रॉन तिघांत आर्गॉनसारखेच. एकोणिसावा पहिल्या दोघांत ४एसमध्ये, स्कँडियमच्या आयनात मात्र ३डीमध्ये! प्रोटॉन १९, २०, २१ होतात तसं ३डी झपाट्यानं आत ओढलं जातं आणि ४एसच्या खाली जातं. मग स्कँडियमच्या अणूत ४एसमध्ये दोन कसे? ३डीची जागा आटोपशीर, तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांना जास्त ढकलतात. म्हणून उरलेल्या दोघांना ४एस परवडतं.

पेपरात असं करा. आधी पूर्ण अणूचं संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) लिहा, ३डी डावीकडे आणि ४एस उजवीकडे ठेवा, मग उजवीकडून काढा. लोह : ३डीत ६, ४एसमध्ये २. फेरसमध्ये ३डीत ६, फेरिकमध्ये (तीन इलेक्ट्रॉन गेलेलं लोह) ५. (हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्यातलं लोह लवकर फेरिक होऊन अडकतं, म्हणून पिवळ्या पडलेल्या उसावर ते फवारतात.)

नेहमीची चूक म्हणजे फेरसचे २४ इलेक्ट्रॉन थेट तक्त्यातून भरणं. मग ३डीत ४, ४एसमध्ये २ येतात. गंमत अशी की एकटे (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन तरीही ४च निघतात, त्यांच्या संख्येवरून काढलेल्या चुंबकीय आघूर्णाचं (चुंबकत्वाच्या मापाचं) उत्तर ४.९० बोर मॅग्नेटॉन बरोबर येतं आणि चूक झाकली जाते. फेरिकमध्ये ती उघडी पडते : चुकीच्या मांडणीत एकटे ३, म्हणजे ३.८७, खरे ५, म्हणजे ५.९२. सरावाला फेरिकच घ्या.