डोलकाठी चढवायची, उभारायची की उभी करायची?

प्रश्न असा आला आहे: नाशिकला गंगापूर धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी शिकणाऱ्या नवख्यांसाठी एक पानभर मराठी सूचना लिहायच्या आहेत. मसुद्यात डोलकाठीबद्दल, म्हणजे शीड पेलणाऱ्या खांबाबद्दल (इंग्रजीत मास्ट), ‘डोलकाठी चढवणे-उतरवणे’ असं लिहिलं होतं. एकाने ‘उभारणे-पाडणे’ सुचवलं. दुसऱ्याचं म्हणणं, ‘मास्ट वर, मास्ट खाली’ एवढं पुरे, सगळ्यांना कळतं. यांतलं बरोबर कोणतं?

थोडक्यात उत्तर: शीड चढवा आणि उतरवा. डोलकाठी बिजागरीवर असेल तर उभी करा आणि आडवी करा. खोबणीत बसणारी असेल तर बसवा आणि काढा. ‘पाडणे’ कुठेच नको.

आता कारणं. मराठीत ‘चढणे’ म्हटलं की कशावर तरी चढणं आलं: झाडावर, गडावर, जिन्यावर. चढणारी वस्तू आपली जागा सोडून वर जाते आणि तिला वर जायला वाट लागते. शीड नेमकं हेच करतं. दोर ओढला की ते डोलकाठीच्या खाचेतून सरकत शेंड्यापर्यंत जातं. कोकणच्या मचव्यांवर शीड परबाणाला, म्हणजे तिरप्या आडकाठीला बांधलेलं असतं आणि ते परबाणासकट वर चढतं. डोलकाठीचं तसं नाही. तिचं बूड होतं तिथेच राहतं, फक्त शेंडा पाव वर्तुळ फिरून वर येतो. निजलेला माणूस उठून उभा राहतो तशी ती उभी राहते. त्याला आपण ‘माणूस चढला’ म्हणत नाही. (म्हटलंच तर अर्थ भलताच होतो.)

‘डोलकाठी चढवली का?’ या वाक्यात आणखी एक घोळ आहे. होडी शहरातून टेम्पोने किंवा गाड्यावरून येते. धरणाच्या वाटेवर कुणी हे विचारलं, तर ऐकणारा टेम्पोत चढवली का असंच समजणार, आणि ‘डोलकाठी उतरवा’ म्हणजे टपावरून खाली घ्या. हे दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यात इतके पक्के आहेत की त्याच शब्दांवर तिसरा अर्थ लादू नये.

यावर गुढीचा दाखला कुणी देईल. गुढी उभारतात आणि उतरवतात, मग डोलकाठी का नाही? गुढी उतरवताना काठी खिडकीतून किंवा गच्चीवरून सोडवून, उचलून आत घेतात. आख्खी वस्तू उंचावरून खाली येते, म्हणून ‘उतरवणे’ तिथे चपखल बसतं. सिंहस्थातलं उदाहरण डोलकाठीला जास्त जवळचं आहे. २०१५ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला आखाड्यांच्या धर्मध्वजा लागल्या. त्यांची उंच लाकडी काठी बूड जमिनीत धरून, चहूबाजूंनी दोर ताणून उभी करतात. तिथे चढतो तो ध्वज. ‘ध्वजारोहण’ या शब्दातलं आरोहणही ध्वजाचं आहे, काठीचं नाही.

‘उभारणे’ चुकीचं नाही. पण त्याला सणाचा आणि भाषणाचा वास आहे: गुढी उभारणे, लढा उभारणे, भांडवल उभारणे. दुसरी अडचण म्हणजे त्याला उलटा शब्द नाही. सूचनापत्रकात एकाच कामाची दोन टोकं दाखवायची असतात. ‘उभी’ म्हटलं की ‘आडवी’ आपोआप कळतं. म्हणून ‘उभी करणे’ जिंकतं. ‘पाडणे’ म्हणजे झाड पाडणे, भिंत पाडणे. पुन्हा वापरायची वस्तू कुणी पाडत नाही. डोलकाठी पडते तो अपघात, आणि तो शब्द त्या अपघातासाठी राखून ठेवा. मांडववाले खांब ‘झोपवला’ म्हणतात. बोलताना तेही चालेल.

‘मास्ट वर, मास्ट खाली’ का नको, याचं कारण व्याकरणात आहे आणि ते कामाचं आहे. डोलकाठी ‘ती’, शीड ‘ते’, दोर ‘तो’. होडीवर माणसं पूर्ण वाक्यं बोलत नाहीत. ‘ती धर’, ‘ते उतरव’, ‘तो आवळ’ एवढंच बोललं जातं, आणि मराठीत तेवढ्यानेही काय धरायचं ते कळतं. मास्ट मात्र बोलण्यात पुल्लिंगी झाला आहे: ‘मास्ट आला’. मग ‘तो सोड’ म्हणजे मास्ट की दोर? याच न्यायाने ‘दोरी’ही टाळावी, कारण तीही ‘ती’. पानभर मजकुरात डोलकाठी, शीड आणि दोर हे तीन शब्द न बदलता वापरले, तर तीन लिंगं तीन वस्तूंची राखण करतात. ही सोय भाषेने फुकट दिली आहे, ती घालवू नये.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रश्नात नव्हता: हुकमाचे शब्द. मसुद्यात ‘ओढ’ आणि ‘सोड’ आहेत. हे दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मधला ओकार दोन्हीकडे सारखा, शेवटी ढ आणि ड. वारा वाहत असेल तर पहिला स ऐकू येत नाही आणि ढ-ड मधला फरकही उरत नाही. अर्थ मात्र एकमेकांच्या उलट. शिवाय ‘सोड’चे दोन अर्थ आहेत, हळूहळू सैल कर आणि हातातून टाकून दे. पंधरा किलोची काठी दोराच्या टोकाला लटकलेली असताना हा दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात यायला नको.

नाशिक जिल्ह्यात यावर तयार शब्द आहे. येवल्याच्या संक्रांतीत आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, हातात धरून पतंग उडवताना जो ऐकू येतो तो: ‘ढील दे’. ढील देणे म्हणजे दोर ताब्यात ठेवून पुढे जाऊ देणे. पतंगवाला ढील देताना मांजा हातातून टाकत नाही. डोलकाठी आडवी करताना नेमकं हेच हवं असतं. म्हणून हुकूम तीनच ठेवा: ‘खेच’, ‘ढील’, ‘थांब’. तिन्ही कानाला वेगळे आहेत. ‘सोड’ हा शब्द काठी टेकूवर टेकल्याशिवाय कुणी उच्चारू नये.

भागांची नावं. डोलकाठी ज्या तारांनी तोलून धरतात त्यांना ‘ताण’ म्हणा. विजेच्या खांबाला तिरपी तार असते तिला खेडोपाडी ताणच म्हणतात आणि काम तेच आहे. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक. तिथे येतो तो नाळेचा ताण. दोन्ही अंगांना बाजूचे ताण, आणि असला तर मागचा ताण. फक्त ‘ताण द्या’ असं लिहू नका. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातला डाळिंबवाला ते वाचून पाणी तोडेल, कारण बागेला ताण देणे म्हणजे बहर धरण्याआधी पाणी बंद करणे. ‘ताण आवळा’ लिहा. तारा आवळायच्या दुतोंडी स्क्रूला फॅब्रिकेशनवाले टर्नबकल म्हणतात, तो शब्द तसाच ठेवा. ताणाचं टोक अडकवणारी ती खीळ, आणि खीळ निसटू नये म्हणून लागते ती स्प्लिट पिन. मागे झुकलेल्या डोलकाठीच्या झुकण्याला ‘कल’ हा सरळ शब्द आहे.

एका अवजाराला मात्र नाव द्यावं लागेल. बिजागरीवरची डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाशी, तिच्याशी काटकोनात एक आखूड काठी लावतात. तिचं काम समजल्याशिवाय सूचना नीट लिहिता येणार नाही. डोलकाठी मागे आडवी पडलेली आहे, नाळेचा ताण शेंड्यापासून नाळेपर्यंत काठीच्याच रेषेत गेला आहे. तो कितीही ओढला तरी काठी उचलली जात नाही, फक्त बिजागरीत दाबली जाते. शेंड्याकडून येणारा दोर आखूड काठीच्या टोकावरून नाळेकडे नेला की ती त्या ओढीला कोन देते. हिशेब असा: काठी ७ मीटर, वजन १५ किलो, भार मध्यावर धरला तर बिजागरीभोवतीचा पीळ १५ गुणिले ३.५, म्हणजे ५२.५ (किलो गुणिले मीटर; अंतराचा किलोमीटर नव्हे). आखूड काठी दीड मीटरची आणि नाळ बिजागरीच्या पातळीत अडीच मीटर पुढे असेल तर दोरावर सुमारे ४० किलोची ओढ येते. कप्प्यांतून चार पदर घेतले की हाताला १० किलो, घर्षण धरून १२-१३. एका माणसाला जमण्यासारखं. या काठीला मी ‘उचलकाठी’ सुचवतो. नाव घडवलेलं आहे, पण ते ऐकून काम कळतं. ‘टेकू’ म्हणू नका. टेकू खालून भार घेतो, ही वरून ओढ देते. मागे डोलकाठी विसावते त्या कैचीला टेकू म्हणा.

या हिशेबातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओढ सर्वांत जास्त आडव्या स्थितीत असते आणि काठी उभी होत जाते तशी घटते. म्हणून उभी करताना पहिला हातभर जड जातो. आडवी करताना उलट: सुरुवात इतकी हलकी की माणूस गाफील राहतो आणि शेवटच्या टप्प्यात दोर हातातून पळतो. सूचनेत इथे ‘सावकाश’ लिहून भागत नाही. ‘दोराचा एक वेढा खुंटीला देऊन ढील द्या’ असं लिहा. वेढा आहे तोवर भार खुंटीवर राहतो, तळहातावर येत नाही.

आडवी करण्याचा मजकूर साधारण असा होईल:

‘होडीचं तोंड वाऱ्याकडे करा. शीड उतरवून गुंडाळा, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) काढून ठेवा. मागे टेकू लावा. उचलकाठी बसवा, कप्प्यांचा दोर नाळेला अडकवून खेचा आणि भार त्यावर आल्याची खात्री करा. त्यानंतरच नाळेच्या ताणाची खीळ काढा. बाजूचे ताण काढू नका. एक जण दोरावर, एक जण मागे काठी घ्यायला, पण तिच्या रेषेच्या बाजूला उभा. काठीखाली कुणी नको. ढील. काठी अर्ध्यात आली की थांब. बाजूच्या ताणांचे टर्नबकल वाकले नाहीत ना, तार कुठे अडकली नाही ना, पाहा. पुन्हा ढील. टेकूवर टेकल्यावर बांधा.’

‘त्यानंतरच’ हा शब्द ठळक छापा. भार कप्प्यांवर यायच्या आधी खीळ निघाली तर ती काठी आडवी करणे नव्हे, पाडणे झालं.

मधल्या ‘थांब’ला कारण आहे. बाजूचे ताण होडीला जिथे जोडलेले असतात ती जागा बिजागरीच्या नेमक्या रेषेत आणि उंचीवर असेल, तर काठी फिरताना ते सारखेच ताठ राहतात. बहुतेक छोट्या होड्यांत ती जागा बिजागरीच्या खाली किंवा थोडी मागे असते. मग काठी मागे येताना ताण ढिले पडतात आणि काठी आडवी झुलू लागते. जागा बिजागरीच्या पुढे किंवा वर असेल तर उलट ते अर्ध्यात आवळले जातात आणि जोर केला तर जोड उखडतो. ढिला पडलेला टर्नबकल लोळून आडवा अडकतो आणि उभी करताना मुळाशी वाकतो. झुलणं थांबवायला बिजागरीच्या रेषेत दोन जादा दोर बांधतात. त्यांना ‘आवरदोर’ म्हणता येईल, पण ‘बाजूचे जादा दोर’ एवढंही पुरेल.

खोबणीत बसणाऱ्या काठ्यांचं प्रकरण लहान आहे. मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीत, जी २.३ मीटर लांब असते, डोलकाठी आडव्या फळीच्या भोकातून खाली खोबणीत जाते. लेझर या एका माणसाच्या होडीत काठी दोन तुकड्यांची असते आणि शीड तिच्यावर अभ्र्यासारखं आधीच चढवलेलं असतं. म्हणजे लेझरचं शीड चढतं ते जमिनीवर, काठी निजलेली असताना! मग शिडासकट काठी उचलून सरळ खोबणीत बसवतात. इथे सूचनेतला कामाचा शब्द ‘सरळ’ आहे. काठी अर्धी आत गेलेली असताना कलली, की तिचं बूड पहारीसारखं काम करतं आणि डेक फोडतं. बसवण्याआधी खोबण धुवा. वाळूचा खडा राहिला तर काठी फिरताना तळ घासून भोक पडतं. आणि बसवल्यावर काठी होडीला बांधा, नाहीतर होडी उलटली की ती खोबणीतून निघते. या ‘निघणे’लाही ‘पडणे’ लिहू नये.

राहता राहिलं एक वाक्य. ते पानाच्या अगदी वर, पहिल्या ‘उभी करा’च्याही आधी हवं: ‘वर पाहा.’ काठावर शेतीपंपांच्या विजेच्या तारा असू शकतात आणि डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. काठी उभी असताना गाडा हलवू नये, हेही तिथेच लिहा. तिथे क्रियापदाचा वाद नाही.