जोहान्सबर्गला येण्याआधी 'ब्लॅक' या शब्दाविषयी

ओंकार,

घरभाडं, गाडी, वीज यांवर फोनवर बोललोच. पण तू शेवटी जरा दबकत विचारलंस, "काका, तिकडे आपल्याला काळ्यांत धरतात का?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं.

नोकरीच्या सुरुवातीला एक फॉर्म येईल. त्यात आफ्रिकन, कलर्ड (मिश्र वंशाचे), इंडियन, व्हाइट असे रकाने असतात. मी बेधडक 'इंडियन'वर खूण केली. एचआरच्या बाईंनी फॉर्म परत दिला: तुम्ही परदेशी नागरिक. सवलतींच्या कायद्यातल्या 'ब्लॅक'मध्ये इथले भारतीय येतात, पण २७ एप्रिल १९९४ नंतर, म्हणजे सर्वांना मत असलेल्या पहिल्या निवडणुकीनंतर, आलेले आपल्यासारखे येत नाहीत, उद्या नागरिकत्व घेतलं तरी.

माझ्या शेजारी बसणारा सहकारी लेनेशियाचा, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या भारतीयांच्या वस्तीतला. आजोबा गुजरातमधून आलेले, रंग माझ्याहून कितीतरी उजळ. तो स्वतःला ब्लॅक म्हणवतो. गोऱ्यांच्या सरकारच्या १९५० च्या कायद्याने इथल्या प्रत्येक माणसाची वंशवार नोंद केली. 'नॉन-व्हाइट' म्हणजे गोरे नसलेले, हे कसलं नाव, असं म्हणत १९७० च्या सुमारास वंशभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको आणि त्याच्या साथीदारांनी आफ्रिकन, कलर्ड, भारतीय अशा सगळ्या पिडलेल्यांना मिळून 'ब्लॅक' म्हटलं. माझ्या या सहकाऱ्याची आई त्या पिढीतली.

सोवेटो या आफ्रिकनांच्या वस्तीतली सहकारी मात्र त्याला हसून टोमणा मारते, "ब्लॅक खरा, पण डोमपास आमच्याच आजोबांच्या खिशात होता!" डोमपास म्हणजे आफ्रिकनांना सक्तीने जवळ बाळगावं लागणारं परवान्याचं पुस्तक. १९८४ च्या संसदेत भारतीयांना वेगळं सभागृह मिळालं, तिच्या लोकांना काहीच नाही. त्यावर तो म्हणतो, आमच्यातल्या बहुतेकांनी त्या निवडणुकीत मतच दिलं नाही. अकरा वर्षं हा वाद ऐकतोय. मी आपला चहा पितो. तो त्यांच्या घरातला वाद आहे.

आपण फसतो ते भाषेत. एकदा तीच सहकारी मला घरी सोडत होती आणि आमच्या अण्णांचा फोन स्पीकरवर होता. "तिकडचे काफ्री लोक कसे आहेत रे?" त्यांच्या लहानपणीच्या पुस्तकातला शब्द, मनात काही नाही. पण इथे त्याचंच भावंड 'कॅफर' ही आफ्रिकनांना दिली जाणारी जहरी शिवी आहे. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी गाडी हलेना. तिच्या आईला कामावरची मालकीण याच शब्दाने हाक मारायची. २०१८ साली हा शब्द पोलिसांना वापरल्याबद्दल एका बाईला तुरुंगवास झालाय. घरच्यांना आधीच सांगून ठेव.

आणि गेटवरच्या वयस्कर रखवालदाराला 'सावुबोना, बाबा' (झुलू भाषेत 'नमस्कार, बाबा') म्हणत जा. झुलूतही वडीलधाऱ्यांना बाबाच म्हणतात. अण्णा इथे आले तेव्हा एवढंच पाठ करून आले होते. फक्त आमचा रखवालदार त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान निघाला.