खेळानं पोट भरते काय, मॅडम?

ऐन कापूस वेचणीत, दिवसाची मजुरी बुडवून, यवतमाळ जिल्ह्यातले एक वडील लेकीला घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"बी.ए. झाली. आता म्हनते बी.पी.एड. करतो, कॉलेजात खेळाडू घडवतो. खेळानं पोट भरते काय, मॅडम?"

हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. (बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी.) लेकीला काम करताना पाहिलंय का, एवढंच मी विचारलं.

ते रागातच सांगू लागले. जत्रेतल्या कबड्डीत एका पोराचा घोटा मुरगळला. लोक गरम तेल घेऊन धावले. ही मध्ये पडली, "चोळू नका!" गोळेवाल्याचा बर्फ ओढणीत बांधून घोट्यावर धरला, पाय खताच्या पोत्यावर उंच ठेवला. पोराला चार पावलंही टाकता येईनात, तेव्हा एक्स-रे काढाच म्हणून अडून बसली.

"चारचौघांत वरडली. मले लाज वाटली."

"एक्स-रेत काय निघालं?"

ते थांबले. "हाड चिरलं होतं."

मग खरी काळजी बाहेर आली: किती वर्षं थांबायचं? बी.पी.एड. दोन वर्षं, त्यावरची पदव्युत्तर एम.पी.एड. दोन, तेही किमान ५५ टक्क्यांनी, पुढे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाविद्यालयात क्रीडा संचालक व्हायचं तर तिशीच्या आतल्या मुलीला ८ मिनिटांत १००० मीटर पार करावे लागतात. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. फिजिओथेरपीला बारावी विज्ञान लागतं, तो रस्ता तिच्यासाठी बंद. म्हणजे दुखापत टाळणं, प्रथमोपचार करणं तिचं; उपचार तिचे नव्हेत. आणि कायम जागा मोजक्या, कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावरच, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, राबतात. हे सांगताना मला दरवेळी जड जातं, पण गोड बोलून कुणाची उमेदीची वर्षं घालवणं मला पाप वाटतं.

ठरलं ते असं. आधी फक्त बी.पी.एड. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, वडिलांना नाव ऐकून माहीत होतं. सुट्टीत गावी आली की पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावून नडग्या दुखवून घेणाऱ्या पोरापोरींचा सराव घ्यायचा, फी लावून. दोन वर्षांनी तिघांनी पुन्हा बसायचं, मगच एम.पी.एड.चं बोलायचं.

निघताना वडील दारात थबकले. "थे १००० मीटर म्हंजे आपल्या वावरापासून नाल्यापर्यंत असन काय वं?"

"जास्त असन, बाबा."

"मोजू मंग."