सोसायटीच्या टाक्यांची पातळी आणि पंप सांभाळायला झिग्बी मेश चालेल का?

वाकडच्या तुमच्या सोसायटीत चार इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांना बॅटरीवरचे सेन्सर लावायचे आणि खालच्या पंपरूममधली मोटर त्यावर चालवायची, असा बेत आहे. झिग्बी म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांचं वायरलेस तंत्र, आणि मेश म्हणजे निरोप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे असा पुढे जाणारं जाळं. विक्रेता म्हणतो की सेन्सरच एकमेकांचे निरोप पुढे पोचवतील, वेगळं काही लागणार नाही. मी पुण्यात हीच कामं करतो. मेश चालेल, पण त्याचं हे म्हणणं चूक आहे आणि ते मान्य करून ऑर्डर देऊ नका.

झिग्बीत बॅटरीवरचं उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाही. ते बहुतेक वेळ झोपलेलं असतं, अधूनमधून जागं होऊन पातळीचा आकडा पाठवतं आणि पुन्हा झोपतं. बॅटरी टिकते ती त्यामुळेच. निरोप पुढे नेतो झिग्बीचा राऊटर (घरातला वायफायचा नव्हे). त्याला सतत ऐकत राहावं लागतं, म्हणून त्याला कायमची वीज हवी. तेव्हा सेन्सर किती, याआधी राऊटर कुठे बसतील आणि त्यांना सप्लाय कुठून मिळेल, हे ठरवा.

सप्लायचं एक उदाहरण सांगतो. एका सोसायटीत राऊटरला जिन्यातल्या दिव्यांच्या लाइनवरून वीज दिली होती. रात्री सगळं सुरळीत. सकाळी वॉचमन दिवे बंद करायचा, की गच्चीचे आकडे गायब. सेन्सर दुसरा राऊटर शोधत बसायचे आणि त्या शोधात बॅटऱ्या संपायच्या. सेन्सर बदलून झाले, पण दोष त्यांच्यात नव्हताच. राऊटरला लिफ्टरूममधून वेगळा, कुणी बंद न करणारा पॉइंट घ्या. शिवाय आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून ती लाइन जनरेटरवर किंवा छोट्या बॅकअपवर असू द्या.

आता जागा. झिग्बी 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतं. आरसीसी स्लॅब, लिफ्टचा डक्ट आणि भरलेली टाकी, तिघंही सिग्नल खातात. सेन्सर आणि राऊटर यांच्या मध्ये टाकी येऊ देऊ नका. एका गच्चीवरच्या राऊटरला शेजारच्या गच्चीवरचा थेट दिसला पाहिजे, आणि पंपरूम तळघरात असेल तर खाली उतरताना मधल्या मजल्यांवरही राऊटर लागतील. वेग सेकंदाला 250 किलोबिट आहे, पाण्याच्या पातळीसाठी भरपूर. घराघरांतले वायफाय बहुधा 1, 6, 11 या चॅनलवर असतात. झिग्बी त्याच्या स्वतःच्या 25 नंबरच्या चॅनलवर ठेवलं तर त्यांच्या गर्दीतून बाहेर राहतं.

इमारती लांब लांब असतील, किंवा मध्ये राऊटरला वीज मिळणारच नसेल, तर मी मेशचा हट्ट धरणार नाही. मग 865-868 मेगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यातलं लोरा हे लांब पल्ल्याचं वायरलेस तंत्र घ्या. त्यात सेन्सर थेट गेटवेशी, म्हणजे सगळे आकडे गोळा करणाऱ्या मुख्य पेटीशी बोलतो, मधले राऊटर लागत नाहीत.

पंपाच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच आणि खालची टाकी रिकामी असताना मोटर कोरडी चालू न देणारं संरक्षण, दोन्ही वायरनेच जोडा. टँकरचं पाणी विकत घेऊन ते गच्चीवरून वाहून जाताना पाहणं फार वाईट. वायरलेस आकडे मोटर केव्हा सुरू करायची हे ठरवायला वापरा. ती थांबणं हवेतून येणाऱ्या हुकमावर अवलंबून ठेवू नका. बॅटरीवरचा व्हॉल्व्ह लावायचा असेल तर त्याला हुकूम लगेच मिळेल असंही धरू नका. झोपलेल्या उपकरणासाठी आलेला निरोप राऊटर साधारण साडेसात सेकंदच धरून ठेवतो.

काम ताब्यात घेताना नवीन उपकरणं जोडून घेण्याची मुभा बंद केली आहे ना, हे समोर बसून बघा. झिग्बीचे निरोप 128 बिटांच्या एईएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद असतात, पण उपकरण जोडतानाची डिफॉल्ट किल्ली जगजाहीर आहे. ती मुभा उघडी राहिली तर बाहेरचं उपकरणही तुमच्या जाळ्यात शिरू शकतं.