मुलींचा ॲथलेटिक्स कोच: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कॉलेजच्या मुलींना ट्रॅकवर उभं करणाऱ्या कोचच्या कामाविषयी बरीच पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न घेते आहे. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत.

एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाकडून ४०० मीटर धावले आहे. मला कॉलेजच्या मुलींची कोच व्हायचंय. नेट द्यावी की पतियाळाला जावं? (अहिल्यानगर)

या दोन वाटा वेगवेगळ्या ठिकाणी जातात, हे आधी समजून घे. सीनिअर कॉलेजात मान्यताप्राप्त पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी., खेळल्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमतेची चाचणी लागते. पद मिळालं की कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या संघांच्या प्रवेशिका, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं आयोजन आणि प्रवासखर्चाची बिलं, सगळं तुझ्याच टेबलावर येतं. मैदानावर मुलींना शिकवायचं ते उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी. नुसता ‘ॲथलेटिक्स कोच’ असं पद आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत नाहीच. त्यात भरती रखडते आणि कितीतरी जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात. हे चित्र बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण तुला निर्णय आजच्या परिस्थितीत घ्यायचा आहे.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा शिकवायचं कसं ते शिकवतो: सरावाचं वर्षभराचं नियोजन, स्टार्टचं तंत्र, हर्डलमधल्या पावलांचा हिशोब. म्हणून माझा सल्ला असा, की अभ्यास ताजा आहे तोवर नेट-सेट उरकून घे आणि मग डिप्लोमाला जा. मधल्या काळात घरी बसू नकोस. एखाद्या अनुभवी कोचच्या हाताखाली रोज मैदानावर उभी राहा. स्टॉपवॉच धर, वॉर्मअप घे, मुलींच्या वह्या लिही. तू ४०० ची धावपटू आहेस, तेव्हा आधी २०० ते ८०० हा पट्टा पक्का कर. गोळा, भाला, उड्या सगळंच पहिल्या वर्षी शिकवायला गेलीस तर कुठल्याच मुलीला पुरी पडणार नाहीस.

मी पुरुष कोच आहे. मुली महिन्यातून काही दिवस येत नाहीत, विचारलं तर ‘बरं नाही’ म्हणतात. पाळीविषयी मी बोलावं का? कसं? (लातूर)

सर, बोलायलाच हवं. पहिल्याच आठवड्यात, सगळ्या मुलींसमोर, पोटरीच्या दुखण्याविषयी बोलता त्याच आवाजात बोला. ‘पाळीच्या दिवसांत सराव चालतो. दुखत असेल तर सराव बदलू, बंद करायची गरज नाही. मला सांगायचं नसेल तर ताईला सांगा’, एवढं पुरेसं आहे. ही ताई म्हणजे संघातली मोठी मुलगी किंवा कॉलेजमधल्या एखाद्या प्राध्यापिका. तारखांची नोंद मुलीने स्वतः ठेवावी आणि कुणाला दाखवायची तेही तिनेच ठरवावं. मैदानाजवळ दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, हे मात्र तुम्ही स्वतः पाहून या. निम्म्या गैरहजेरीचं कारण तिथेच सापडतं.

खरी काळजी करायची ती पाळी आली म्हणून नव्हे, थांबली म्हणून. काही मैदानांवर अजूनही समज आहे की पाळी थांबली म्हणजे मुलगी जोरात सराव करते आहे. हा समज घातक आहे. शरीर जेवढं खर्च करतं तेवढं अन्न पोटात जात नसेल, तर शरीर काटकसर करू लागतं आणि त्यात पाळीचं चक्र बंद पडतं. इस्ट्रोजेन घटतं, हाडं विरळ होतात आणि एक दिवस नडगीला किंवा पावलाला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक भेग पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या सगळ्या अवस्थेला एकत्र नाव देऊन कोच आणि डॉक्टरांना सावध केलं. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. तोवर किलोमीटर कमी करा आणि ताटातलं अन्न वाढवा.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून जास्तच होतं. तुमच्या संघातल्या मुली याच घरांतून येतात. ८०० मीटरच्या शेवटच्या दोनशेत जी मुलगी मागे पडते, तिला आपण ‘जिद्द नाही’ म्हणून मोकळे होतो आणि तिचं हिमोग्लोबिन नऊ असतं. हंगामाआधी प्रत्येकीची रक्ततपासणी करून घ्या, जमल्यास फेरिटिनसह (शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो). लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. जेवणाबरोबर चहा नको, कारण त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. मटकी, हरभरे, पालेभाजी आणि वर लिंबू, एवढं होस्टेलच्या मेसलाही जमवता येतं.

आणि सर, मुलींची वजनं सगळ्यांसमोर करू नका. ‘सुटलीस’, ‘जड झालीस’ हे शब्द मैदानावर उच्चारू नका. अशा एका वाक्याने मुलगी रात्रीचं जेवण सोडते.

मुलगी एफ.वाय.ला आहे, ५००० मीटर पळते. नातेवाईक म्हणतात, पळून काय मिळणार, लग्नाचं बघा. कोच म्हणतात, थांबा. कुणाचं ऐकू? (माण, जि. सातारा)

भाऊ, तुमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची शर्यत) अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषा १९८४ साली लॉस एंजेलिसला अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून भारतीय धावपटू अंतिम फेरीत दिसायला ३२ वर्षं लागली. ललिता पुढे उपजिल्हाधिकारी झाली. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं.

तरीही प्रत्येक मुलगी तिथे पोहोचेल असं मी सांगणार नाही. बहुतेक जणी पोहोचत नाहीत. म्हणून पदवी सोडू देऊ नका, आणि कोच परीक्षेच्या काळात सराव कमी करतात का, ते विचारा. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण वरच्या पदांसाठी अर्ज करायला पदवी लागतेच, शिवाय विहित पातळीवरचं प्रमाणपत्रही. लांब पल्ल्याची धावपटू साधारण पंचविशीत फुलते. तुमची मुलगी आत्ता कुठे सुरुवातीला आहे. तिला पदवीपर्यंत वेळ द्या आणि लग्नाचं तिलाच विचारा.

कॉलेजच्या पातळीवर राहूनच मोठं काम करता येतं का? चांगल्या मुली शेवटी राष्ट्रीय शिबिरातच जातात ना? (कोल्हापूर)

याचं उत्तर देताना मला अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे एड टेंपल आठवतात. टेनेसी स्टेट हे कृष्णवर्णीयांसाठीचं विद्यापीठ. टेंपल तिथे समाजशास्त्र शिकवत आणि १९५३ ते १९९४ या काळात त्यांनी मुलींच्या ॲथलेटिक्स संघाला घडवलं. हा संघ ‘टायगरबेल्स’ नावाने ओळखला गेला. त्यांच्या हाताखालून ४० ऑलिम्पिकपटू निघाले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४ बाय १०० रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या चारही अमेरिकन मुली त्यांच्याच होत्या. त्यातलीच विल्मा रुडॉल्फ. लहानपणी पोलिओ झालेल्या विल्माने त्या ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटरचंही सुवर्ण घेतलं. पुढे वायोमिया टायस १९६४ आणि १९६८ अशी लागोपाठ दोनदा १०० मीटर जिंकली. तोवर हे कुणालाच, पुरुषांनाही, जमलं नव्हतं.

हे सगळं झालं ते वर्णभेदाच्या काळात. दक्षिणेतल्या रस्त्यांवर या मुलींना खानावळीत बसता येत नसे, म्हणून डबे बरोबर घेऊन गाडीने प्रवास व्हायचा. पैसा नव्हता. मुली विद्यापीठात काम करून शिक्षणाचा खर्च भागवत. माझ्या मते टेंपल यांची खरी युक्ती होती उन्हाळी शिबिरांची. शाळेत असतानाच मुलींना ते सुट्टीत बोलावत, मोठ्या मुलींबरोबर पळवत. विल्मा अशीच आली, टायसही. आणि पदवी पुरी करण्याबद्दल त्यांचा आग्रह पळण्याइतकाच कडक होता. विल्मा जगभर नाव झाल्यावरही परत आली आणि १९६३ मध्ये पदवीधर झाली.

कोल्हापूरला यातलं काय जमणार नाही? सिंथेटिक ट्रॅक नसला तरी मातीवर चुन्याच्या रेघा मारता येतात. मे महिन्यात आसपासच्या शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलींसाठी तीन आठवड्यांचं शिबिर घ्या आणि तुमच्या कॉलेजच्या मुलींना तिथे ताई करा. चार वर्षांनी त्यातल्या काही जणी तुमच्याकडे प्रवेश घ्यायला येतील. त्यातली एखादी राष्ट्रीय शिबिरात गेलीच, तर तिचा पाया तुम्ही घातलेला असेल. जाताना तिची सरावाची वही, जुन्या दुखापती आणि रक्ताचे अहवाल नव्या कोचच्या हाती द्या. ‘माझी मुलगी पळवली’ म्हणून अबोला धरणारे कोच मी पाहिले आहेत. त्यात नुकसान मुलीचंच होतं.

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी मुलींना परराज्यात न्यायचंय. पहिलीच वेळ आहे. काय काळजी घेऊ? (नांदेड)

संघाबरोबर एक महिला व्यवस्थापक असल्याशिवाय निघू नका. खर्चाचं कारण सांगून कॉलेज टाळत असेल तर लेखी मागणी करा. कुठलीही मुलगी एकटी कोचच्या खोलीत जाणार नाही, मसाज किंवा टेपिंग सगळ्यांसमोर होईल, हे मुलींना आणि पालकांना निघण्याआधीच सांगा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या अध्यक्षांचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये असू द्या, तक्रार तुमच्याविरुद्ध असली तरी ती करता यावी म्हणून.

रेल्वेचं आरक्षण मुलींची नावं नक्की होताच करा, जनरल डब्यातून रात्रभर उभी आलेली मुलगी सकाळी हीट (प्राथमिक फेरी) पळू शकत नाही. स्पाईक्स (खिळ्यांचे बूट) आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा, मोठ्या बॅगेत नको. अनोळखी माणसाने दिलेली पावडर, गोळी, सलाईन काहीही घ्यायचं नाही. उत्तेजक चाचणीत शरीरात काही सापडलं तर जबाबदार खेळाडूच ठरते, ते कुणी दिलं हे सांगून सुटका होत नाही. परतीचं तिकीट शेवटच्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाचं काढा.