घरभेटीला पहिल्यांदा निघताना

आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, सेवागटात तू नाव दिलंस, मला फार आनंद झाला. रविवारी घरभेटीला निघशील, म्हणून थोडं सांगते.

एकटी जाऊ नकोस. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था सुरू केली, तेव्हापासून जोडीने घरी जाणं हाच या कामाचा गाभा आहे. धान्याची पिशवी दारात ठेवून परतू नकोस. बस, चहा दिला तर घे, ऐक. मुलं परदेशी असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्याकडे पैशांपेक्षा सोबत कमी पडते. भाडोत्री खोलीतल्या मजुराच्या घरीही तसंच बस, त्याचा धर्म विचारायचं कारण नाही.

कागदपत्रांकडे मात्र नीट लक्ष दे, खरी मदत तिथेच होते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहा मिळणारे पैसे थांबले असतील, तर आधी हयातीचा दाखला दिलाय का ते विचार. कित्येकदा तेवढंच राहिलेलं असतं. फॉर्म भरून दे, पण पासबुक स्वतःकडे ठेवू नकोस. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कुणाला न्यायचं असेल, तर जुने केसपेपर आणि औषधांची चिठ्ठी आदल्या रात्रीच काढून ठेवायला सांग.

फोटो काढू नकोस. घरात ऐकलेलं चॅपलच्या पायरीवर बोलायचं नाही, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, गर्दीत तर मुळीच नाही. आणि 'पुढच्या रविवारी येते' म्हणालीस तर जा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन कर, ती माणसं सकाळपासून वाट बघत असतात.