कोळंबी-शेतकरी शाश्वत पद्धती कुठून शिकतात?

मुख्यतः शेजारच्या तळ्यावरून. आंध्र प्रदेशाचं उदाहरण घ्या. 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तिथली तळीच्या तळी बसली. एकाच खाडीचं पाणी सगळे वापरतात, त्यामुळे एकट्याने काळजी घेऊन भागत नाही, हे तेव्हा कळलं. पुढे एमपीईडीएने, म्हणजे केंद्र सरकारच्या सागरी उत्पादन निर्यात मंडळाने, 2007 मध्ये छोट्या कोळंबी-शेतकऱ्यांना एकत्र आणायला 'नॅक्सा' ही संस्था काढली. एकाच ओढ्या-खाडीवरचे छोटे शेतकरी मिळून सोसायटी करतात, पीसीआर चाचणीने रोग नाही ना हे तपासलेलं बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, एकत्र आणतात, जवळपास एकाच वेळी सोडतात. कुणाच्या तळ्यात रोग दिसला तर तो लपवायचा नाही. शेजाऱ्यांना सांगायचं आणि क्लोरीन टाकल्याशिवाय ते पाणी बाहेर सोडायचं नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच.

बारकावे मात्र बांधावरच शिकावे लागतात. चेक ट्रे (खाद्य ठेवून पाण्यात सोडलेलं ताट) वर काढून किती खाद्य उरलं, कोळंबीचं आतडं भरलेलं आहे का, हे जुना माणूस दाखवतो तेव्हा खाद्य कधी कमी करायचं ते समजतं. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, पाणी बिघडतं.

पालघर-रायगडकडे सुरुवात करत असाल तर आधी एखाद्या चालू तळ्यावर पूर्ण हंगाम काढा. शास्त्रीय शंकांसाठी चेन्नईची 'सीबा' ही निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संशोधन संस्था आणि रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आहेच.